गावातलं घर देऊन म्हातारपणीचा सांभाळ कसा ठरवायचा: खान्देशातल्या घरांसाठी पायरी-पायरीनं

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठल्याही गावात दुपारी गल्लीतून चालत गेलं की दिसतं काय, तर दहा घरांपैकी तीन-चार घरांना कुलूप आणि उरलेल्यांच्या ओट्यावर एक म्हातारं माणूस बसलेलं. पोरं सुरतला, नाशिकला, पुण्याला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी येतात, कानबाईला (आपला श्रावणातला सण) पोरं येतात, चार दिवस घर भरतं आणि मग परत तेच. म्हाताऱ्याकडे पैसा नाही पण घर आहे, गावठाणातली जागा आहे, आणि त्या जागेवर कोणाचा ना कोणाचा डोळा आहे. मग एक दिवस कोणीतरी म्हणतं, घर माझ्या नावावर करा, मी सांभाळतो. ही गोष्ट वाईट नाही. खरं सांगतो, बऱ्याच घरांत हाच एक रस्ता उरलेला असतो. फक्त तो कागदावर नीट उतरला पाहिजे, आणि तो कसा उतरवायचा हे पहिल्यांदाच करणाऱ्याला कोणी सांगत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

माझ्या फुईचं सांगतो आधी (फुई म्हणजे आत्या, आमच्याकडे फुईच म्हणतात). अमळनेर तालुक्यातलं गाव, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर, पुढे ओटा, मागे परसात कडुनिंब. मूलबाळ नाही, फुवा गेलेले. दिराचा मुलगा म्हणाला काकू मी सांभाळतो, आणि बक्षीसपत्र करून घेतलं. त्या बक्षीसपत्रात काय लिहिलं होतं तर "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी", बस. सांभाळाचा एक शब्द नाही. वर्षभर नीट चाललं, मग पुढच्या दोन खोल्या खताच्या गोण्या ठेवायला भाड्यानं गेल्या आणि फुईची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत. मी गेलो तेव्हा ती तीन विटांवर चहा उकळत होती, कारण तिची चूल जिथे होती तिथे आता युरियाच्या गोण्यांची थप्पी होती. मला म्हणाली, "भो, मनी चूल मना हातमा ऱ्हाऊ दे, बाकीनं तू दखी ले." (माझी चूल माझ्या हातात राहू दे, बाकीचं तू बघून घे.) पुढे काय झालं ते खाली योग्य जागी येईल. पण ते एक वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण सगळ्या कागदपत्रांचं सार तेवढंच आहे: घर द्या पण चूल सोडू नका.

पायरी पहिली: घर नक्की कोणाचं आहे

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त इथेच घोळ असतो, त्यामुळे इथे वेळ घालवा.

गावात घराचा कागद म्हटलं की लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून देतात. तो घरपट्टीचा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे कर तुम्ही भरता एवढंच नक्की होतं, मालकी त्यावरून सिद्ध होत नाही. ग्रामसेवकाकडून (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) तो उतारा तर घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, त्यात ड्रोननं गावठाणं मोजून प्रत्येक घराचं प्रॉपर्टी कार्ड बनवलं जातं. तुमच्या गावाचं झालं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन कार्ड काढा, नाव बघा, क्षेत्रफळ बघा, आणि बोळ किंवा ओटा शेजाऱ्याच्या हद्दीत तर दाखवला नाही ना ते बघा. चूक असेल तर आत्ताच अर्ज द्या, म्हातारं माणूस हयात असताना ते स्वतः सांगू शकतं की भिंत कोणी बांधली. नंतर कोण सांगणार.

मग दुसरा प्रश्न, घर स्वतः कमावलेलं की वडिलोपार्जित. स्वतः विकत घेतलं, बांधलं, किंवा वाटणीपत्रानं, मृत्युपत्रानं आपल्या एकट्याच्या नावे आलं त्याचं चित्र सरळ असतं, तरी वाटणीतून आलेलं असेल तर मुलाबाळांचा त्यात हक्क लागतो का ते वकिलाला दाखवून घ्या. पण घर एकत्र कुटुंबाचं असेल, वाटणी झालेलीच नसेल, तर एकट्या आजोबांना त्यातला आपला हिस्सा बक्षीस देता येत नाही, बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागते. मृत्युपत्रानं मात्र आपल्या हिश्श्यापुरतं देता येतं. आणि मुलींचा हक्क विसरू नका, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात नव्हते तरी तो हक्क आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी आल्या की त्याच चार दिवसांत हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत पडलीय. झोके, गाणी, आंब्याचा रस, आणि मधेच गाडीत बसवून तालुक्याला. असं करू नका. आखाजी बोलणं करायला चांगली आहे कारण सगळे घरात असतात, पण सही त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी होऊ द्या. बहिणीला घरी जाऊन विचार करू द्या. बहुतेक बहिणी हिस्सा सोडायला तयार असतात, त्यांचं म्हणणं एकच असतं की आईला बघणार कोण ते आम्हाला लिहून दाखवा. आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

तीन जागा अशा आहेत जिथे लगेच थांबायचं. एक, घर गायरानावर किंवा सरकारी जागेवर असेल, मग द्यायला मालकीच नाही. दोन, घरकुल योजनेतलं घर असेल तर पंचायत समितीत जाऊन हस्तांतरणाच्या अटी आधी विचारा. तीन, नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बिगर आदिवासीच्या नावे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जात नाही, महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ बघा. कोणी म्हटलं की नोटरी करून टाकू, चालतं, तर चालत नाही.

पायरी दुसरी: सांभाळ म्हणजे काय ते आधी वहीत लिहा

वकिलाकडे जायच्या आधी हे करा. एक साधी वही घ्या, म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचा दिवस लिहून काढा. चहा किती वाजता, आंघोळीचं पाणी कोण तापवतं, ज्वारीची भाकरी लागते की कळण्याची, दात नाहीत तर वरणात कुस्करून कोण देणार, बीपी-शुगरची गोळी कोण आणतं, डोळ्याला दिसत नाही तर रात्री संडासला कोण नेणार, पावसाळ्याआधी धाब्यावर खारी कोण टाकणार (खारी म्हणजे खारट पांढरी माती, नाही टाकली तर पहिल्याच पावसात घर गळतं हे गावातल्याला सांगायला नको), लाइटबिल, नळपट्टी, घरपट्टी कोण भरणार. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा म्हातारं माणूस पत्र्याच्या खोलीत राहू शकत नाही, मग पंखा-कूलर आणि झोपायची जागा कुठली, हे पण लिहा. मंदिरात, कीर्तनाला, लेकीकडे जायचं झालं तर गाडीभाडं. आणि शेवटचं आजारपण, दवाखाना, क्रियाकर्म.

लोकांना हे लिहायला लाज वाटते. आईच्या भाकरीचा हिशोब लिहायचा का, असं म्हणतात. पण मी बघितलंय, भांडण होतं ते नेहमी ह्याच लहान गोष्टींवरून, आणि "नीट सांभाळू" ह्या दोन शब्दांत त्या बसत नाहीत. जो खरंच सांभाळणार आहे त्याला वही बघून भीती वाटत नाही, उलट त्याला पण बरं वाटतं की आपल्याकडून नक्की काय अपेक्षा आहे ते कळलं.

त्याच वहीत दुसऱ्या पानावर पैसा कुठून येतो ते लिहा, कारण सगळा भार घरावर टाकायची गरज नसते. ६५ च्या पुढचे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून महिना १५०० रुपये मिळतात, तहसीलला संजय गांधी शाखेत अर्ज. ७० च्या पुढे असाल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार, २०२४ पासून चालू आहे. एसटीत ७५ च्या वर फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. ह्यातलं काही लावलेलं नसेल तर घराचा विषय काढायच्या आधी हे लावून घ्या. बऱ्याचदा असं होतं की महिन्याचे पंधराशे चालू झाले, दवाखान्यात भरती व्हायचा खर्च कार्डावर गेला आणि म्हाताऱ्याला वाटलं की आत्ताच घर द्यायची घाई नाही. तेही चांगलंच.

पायरी तिसरी: कुठला कागद

ऐका, बोलीभाषेत आपण म्हणतो "घराच्या बदल्यात सांभाळ". कायद्यात अदलाबदल म्हणजे वस्तूच्या बदल्यात वस्तू, घराच्या बदल्यात घर किंवा प्लॉट. सांभाळाच्या बदल्यात घर असं अदलाबदलपत्र होत नाही, त्याला वेगळे कागद लागतात.

खरं अदलाबदलपत्र मात्र एका ठिकाणी फार कामाचं आहे. समजा आजीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, चार पायऱ्या चढायच्या, आणि चुलत भावाचं छोटं घर दवाखान्याजवळ, मेन रोडला, अंगणात नळ. दोघांनी घरं बदलली तर आजीचं म्हातारपण सोपं होतं आणि भावाला मोठी जागा मिळते. ह्याला मुद्रांक जास्त किमतीच्या मिळकतीवर लागतो, किमतीत फरक असेल तर वरचे पैसे आजीच्या खात्यावर चेकनं घ्या, रोख नको. आणि कोणी सलोखा योजनेचं नाव काढलं की एक हजार मुद्रांक नि एक हजार नोंदणी फी, तर ती २०२३ ची योजना शेतजमिनीचा अदलाबदलीचा ताबा सरळ करण्यासाठी आहे, घरासाठी नाही.

आता सांभाळाचे कागद. माझ्या मते पहिली पसंती मृत्युपत्राला. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या, दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला घर जाणार तो साक्षीदार नको. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मरेपर्यंत कधीही बदलता येतं. सांभाळणारा सरळ वागला तर घर त्याला, नाहीतर दुसरं मृत्युपत्र. म्हाताऱ्याच्या हातात शेवटपर्यंत काहीतरी राहतं. अडचण एवढीच की सांभाळणाऱ्याला खात्री नसते, तो म्हणतो मी दहा वर्षं करणार आणि शेवटच्या महिन्यात कोणी कान भरले तर? त्याचंही चुकीचं नाही.

मग मधला मार्ग म्हणजे अटीचं बक्षीसपत्र, तहहयात हक्क राखून. घर आज नावावर होतं, पण देणाऱ्याला मरेपर्यंत त्यात राहायचा हक्क राहतो आणि सांभाळाची अट कागदातच असते. असा राहण्याचा हक्क राखून दिलेलं बक्षीस वैध असतं, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये तसा निकाल दिलाय, त्यामुळे कोणी म्हणालं की ताबा दिल्याशिवाय बक्षीस होत नाही तर घाबरू नका. (मुस्लिम कुटुंबांत हिबाचे, म्हणजे बक्षीस देण्याचे, नियम वेगळे आहेत, ताब्याचा मुद्दा तिथे महत्त्वाचा असतो, जाणकाराला विचारूनच करा.) महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि इतर खर्च किती ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा. पुतण्या, भाचा, शेजारी यांना दिलं तर मुद्रांक बराच जास्त पडतो, आणि तो कोण भरणार हे पण आधी ठरवा.

खरेदीखत करू नका जर पैसे खरंच मिळणार नसतील. "दाखवायला खरेदी करू, पैसे मिळाले असं लिहू" असं जो म्हणतो तो उद्या म्हणेल की मी विकत घेतलंय, सांभाळ कसला. पैसे खरे मिळणार असतील आणि जागा रोडला लागून चांगल्या भावाची असेल, तर अर्धी जागा विकून पैसा पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकणं हा रस्ता आहे, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यावर येतं.

बँकेच्या रिव्हर्स मॉर्गेजबद्दल पण विचारतात, म्हणजे घर गहाण आणि बँक तुम्हाला दर महिन्याला पैसे देते. योजना २००८ पासून आहे, ६० च्या पुढच्यांना, पण घर स्वतःच्या मालकीचं आणि कागद एकदम स्वच्छ लागतो, गावठाणातल्या धाब्याच्या घरावर ती मिळेल अशी आशा धरून बसू नका.

हे लिहिताना मला चीनचं आठवतं, तिथे निंगशिया भागात पिंगलुओ नावाच्या ठिकाणी म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी आपली घराची जागा आणि शेतीचा हक्क परत देऊन त्याबदल्यात वृद्धाश्रमात राहणं किंवा पैसा घ्यायचा असा प्रयोग झाला. पण तिथे गावातली घराची जागा गावाच्या सामूहिक मालकीची असते, कुटुंबाला फक्त वापराचा हक्क. म्हणून गाव ती जागा परत घेऊन दुसरीकडे वापरू शकतं. आपल्याकडे जागा म्हाताऱ्याच्या स्वतःच्या नावावर आहे. त्यामुळे समोर गाव नसतं, समोर एकटा पुतण्या असतो, आणि म्हणून कागद जास्त जपून करायला लागतो.

पायरी चौथी: कागदात काय यायलाच पाहिजे

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, त्याचं कलम २३. हे घरातल्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. ६० च्या पुढच्या माणसानं, मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं ते केलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. आता अट हा शब्द बघा. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अशी अट होती हे सिद्ध व्हावं लागतं, नुसतं मुलांनी सांभाळलं नाही म्हणून कलम २३ लागत नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र कोर्टानं रद्द केलं, ताबाही परत द्यायला सांगितला, तिथे सांभाळाची गोष्ट कागदात लिहिलेली होती. एकीकडे लिहिलेलं होतं, दुसरीकडे नव्हतं, फरक तेवढाच.

म्हणून वकील किंवा लिहिणारा तयार मसुदा काढेल, त्यात "प्रेमापोटी" असेल, ते राहू द्या, पण खाली असं काहीतरी आलंच पाहिजे:

"लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत सदर घरात राहू देऊन अन्न, वस्त्र, औषधोपचार व दैनंदिन देखभाल पुरवावयाची आहे. या अटीवरच हे बक्षीसपत्र करून दिले आहे. सदर अटीचा भंग झाल्यास ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चे कलम २३ प्रमाणे हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा लिहून देणार यांना अधिकार राहील."

आणि त्याला जोडून तुमच्या वहीतली पानं, परिशिष्ट म्हणून. शिवाय ह्या गोष्टी नावानिशी लिहा: कुठल्या खोल्यांमध्ये राहण्याचा तहहयात हक्क (पुढच्या दोन खोल्या, चूल, न्हाणी, संडास, ओटा, असं स्पष्ट, "घरात" एवढं लिहिलं तर गोठ्याशेजारची खोली पण घरातच येते), हयात असेपर्यंत घर विकायचं, गहाण ठेवायचं, भाड्यानं द्यायचं नाही, नवरा-बायको दोघं असतील तर मागे राहील त्यालाही हेच सगळं, घेणारा आधी वारला तर त्याच्या वारसांवर ही जबाबदारी, आणि महिन्याला किती हातखर्च कुठल्या खात्यावर. चतुःसीमा वाचून घ्या, पूर्वेस कोणाचं घर, पश्चिमेस कुठली गल्ली. मसुदा म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, अहिराणीत सांगा, आणि त्याला उलट विचारा की काय समजलं.

पायरी पाचवी: सहीचा दिवस

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घर नावावर होत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागतेच. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा नाही म्हणजे नाही, आणि "तोपर्यंत मुखत्यारपत्र देऊन ठेवा" ह्याला सुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरकडून माणूस शुद्धीवर आहे, समजून सही करतोय असा दाखला घ्या. लेकीला सोबत ठेवा किंवा गावातला असा माणूस ज्याला ह्यात काही मिळणार नाही. निबंधकासमोर विचारतात तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतः बोलावं, पोरानं मधे उत्तर देऊ नये. चालता येत नसेल, खाटेवर असेल तर गृहभेटीची सोय कायद्यात आहे, अर्ज दिला की अधिकारी घरी येऊ शकतात, त्यामुळे कोणाला उचलून जीपमध्ये घालून नेऊ नका.

दस्त झाला की मूळ प्रत देणाऱ्याकडे. पोराकडे झेरॉक्स. हे उलटं होतं नेहमी. एक प्रत लेकीकडे ठेवा. मग प्रॉपर्टी कार्डावर फेरफार करताना राहण्याच्या हक्काची नोंद पण घ्यायला सांगा, आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पोच घ्या की ह्या घरावर अमुक यांचा तहहयात हक्क आहे, त्यांना विचारल्याशिवाय उताऱ्यात बदल नको.

सांभाळ थांबला तर

आधी १४५६७ ला फोन. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मारहाण असेल तर थेट ११२.

मग प्रांत कार्यालय, म्हणजे उपविभागीय अधिकारी, तिथेच निर्वाह न्यायाधिकरण आहे. जळगाव जिल्ह्यात अमळनेर, एरंडोल, फैजपूर, पाचोरा, चाळीसगाव, भुसावळ, जळगाव, तिकडे धुळे, शिरपूर, नंदुरबार, शहादा, तळोदा, आपला तालुका ज्यात येतो ते. अर्ज साधा असतो. स्वतः देता येतो, देता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला आपल्या वतीनं द्यायला सांगता येतं. कायद्यानं वकिलाची गरज ठेवलेली नाही. महिन्याला निर्वाह मागायचा असेल तर तो १० हजारांपर्यंत मिळू शकतो, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर ३० दिवस वाढवून. घर परत मागायचं असेल तर अर्जात कलम २३ स्पष्ट लिहा. ज्याला मूल नाही त्याच्यासाठी पण सोय आहे, जो नातेवाईक वारस आहे आणि मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला पुढे मिळणार आहे त्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे. अर्ज लिहायला मदत पाहिजे तर तालुका विधी सेवा समितीत जा, फोन १५१००.

फुईच्या बाबतीत हेच शेवटचं कामाला आलं. बक्षीसपत्रात अट नव्हती, त्यामुळे घर परत मिळेल ह्याची कोणालाच खात्री देता येत नव्हती. पण पुतण्या वारस होता आणि घर त्याच्याच ताब्यात होतं, म्हणून निर्वाहाचा अर्ज केला. नोटीस गेली. प्रांतांनी विषय सलोखा अधिकाऱ्याकडे दिला, ही पण त्या कायद्यातलीच तरतूद आहे, महिनाभरात दोघांना समोर बसवून मार्ग काढायचा. तिथे पुतण्याची बायको पहिल्यांदा बोलली, म्हणाली आम्हाला काकू नको असं नाही, नवरा सुरतला, दोन लेकरं, मी एकटी आणि ह्यांचं पथ्य वेगळं, कोणी सांगितलंच नाही मला काय काय करायचंय. मला तेव्हा वही आठवली. आम्ही तिथेच बसून लिहिलं. सकाळचं पथ्याचं काम गल्लीतली एक बाई करणार, तिचे पैसे खोलीच्या भाड्यातून, संध्याकाळची भाकरी सुनेची, गोळ्या मी पाठवणार. आणि पुतण्यानं नोंदणीकृत कागद करून दिला, पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर फुईच्या हयातीपर्यंत तिचं.

गोण्या हलवल्या त्या दिवशी मी तिथे होतो. जमीन पांढरी पडली होती खतानं, फुईनं ती स्वतः दोनदा सारवली, चूल नव्यानं घातली, आणि पहिला चहा सुनेला दिला.